काचेवरचं नेरे

सोमवार, ६ जानेवारी २०२५

पोचलो एकदाच्या! साताऱ्याहून सामान आलं, कामोठ्यात खोली लागली, माझ्या लेकीला, आभाला, दुसरीत प्रवेशही मिळाला. आता आम्ही दोघीच. पनवेलच्या संग्रहालयातलं काम मनासारखं आहे. काचेच्या तीनशे जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून नोंदवायच्या. नव्वद वर्षांपूर्वीचा कर्नाळ्याचा सुळका, मिठागरं, नेऱ्याजवळचा नदीकाठ. काचा पुसायला भामाताई आहेत, नेऱ्याच्याच. शाळा सुटली की आभा इथेच येते. त्यांनी तिला ओंजळभर बोरं दिली. आल्या दिवशीच गट्टी.

बुधवार, ८ जानेवारी

नदीकाठाची काच स्कॅन केली. पाणी, खडक, मागे डोंगर. माणूस एकही नाही, तशी नोंदही केली. आभाने भामाताईंना विचारलं, तेव्हा इथे कुणीच राहत नव्हतं का? त्या म्हणाल्या, राहत होते की, पण फोटोवाला आला की सगळे पळायचे.

शुक्रवार, १० जानेवारी

त्याच काचेत आज खडकावर एक बाई उभी आहे. परवाचा स्कॅन उघडला, त्यातही आहे. मी चुकले असेन. मोबाइलवर फोटो काढून भामाताईंना दाखवला, तर खळखळून हसल्या. "अगो बाय, ही त मीच हाय! पर तवा माजी आय पन जल्माला नव्हती."

मला हसू आलं नाही.

सोमवार, १३ जानेवारी

भामाताई आल्या नाहीत. संग्रहालयाच्या प्रमुख दिपिका मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, वल्लरी, कोण भामा? हजेरीपटावर नाव नाही. दुपारी रिक्षाने नेऱ्याला गेले. त्यांचे यजमान भगवान ओट्यावर बसले होते. म्हणाले, "माजा लगीनच झाला नाय." अंगणात दोरीवर दोन लुगडी वाळत होती. मी बोट दाखवलं. ते बराच वेळ लुगड्यांकडे बघत राहिले. मग रडायला लागले. का, ते त्यांनाच सांगता येईना.

मंगळवार, १४ जानेवारी

काचेत बाईच्या शेजारी एक लहान मुलगी. दोन वेण्या. चेहरा अजून पुसट आहे, पण मी आई आहे, मला कळतं.

काच फोडली. दहा तुकडे. प्रत्येक तुकड्यात अख्खा नदीकाठ, आणि त्या दोघी.

बुधवार, १५ जानेवारी

आभाला शाळेत पाठवलं नाही. मुंबईला बहिणीकडे निघालो — स्टँडवर तिकीट काढलं तर कंडक्टर म्हणाला, तुम्ही एकट्याच ना? तिचा हात माझ्या हातात होता. मी ओरडले. लोक जमले. सगळे माझ्याकडेच बघत होते. तिच्याकडे कुणीच नाही.

घरी परतलो. दार लावलंय. तिला मांडीवर घेऊन लिहितेय. ती म्हणते, आई, पाय ओले झाले. फरशी कोरडी आहे. सोडणार नाही. सोडणार ना—

गुरुवार, १६ जानेवारी

आज कामावर का गेले नाही, आठवत नाही. दूध तापवून कपात ओतलं. मी दूध पीत नाही.

ही वही वाचली. अक्षर माझंच. आभा कोण?

मोबाइलवर तो नदीकाठाचा फोटो आहे. खडकावर एक बाई, पुढे दोन वेण्यांची एक मुलगी, गुडघ्यापर्यंत पाण्यात. तोंड उघडं. कुणाला तरी हाक मारतेय. ओठांवरून शब्द लावून बघते — आ—