अंगठ्याचं नख

आई,

इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. मी बरा आहे, दोन वेळचं जेवतो. तुझा गुडघा कसा आहे? दादा औषध आणतो, की नुसतं 'आणतो' म्हणतो?

फोटोत माझं अंगठ्याचं वाढलेलं नख बघून तू रागावलीस. ती फॅशन नव्हती गं, माझं हत्यार होतं. दोन बड्या देशांची जुंपली आणि एकानं दुसऱ्याच्या मालावर जबर कर बसवला. तेव्हापासून दुसऱ्याकडचे पंखे आमच्या गोदामात यायला लागले. खोक्यावरचं त्या देशाचं लेबल मी नखानं सोलायचो, इथलं, म्हणजे या तिसऱ्याच देशाचं चिकटवायचो, की पंखा निघाला पहिल्याकडे. विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्यालाही ठाऊक. लबाड तेवढे आम्ही.

परवा टीव्हीवर त्या दोन्ही देशांचे पुढारी हसत हसत हात मिळवताना दिसले. कर उठला. मालकानं त्याच संध्याकाळी गोदामाला कुलूप घातलं, आमच्याकडे वळूनही बघितलं नाही. तू शेजारणींची भांडणं मिटवायचीस, तेव्हा कुणाची चूल तरी विझत नव्हती.

दुसरं काम बघतोय, मिळेल. दादाला एवढ्यात सांगू नकोस, तो लगेच 'परत ये' म्हणेल आणि तिकीट मलाच काढायला लावेल. तू रोज देवापुढे साऱ्या जगाची भांडणं मिटू देत म्हणतेस ना, थोडे दिवस जरा हात आखडता घे.

नख मात्र कालच कापलं. तुझं ऐकलं असं समज.

तुझाच,
धाकटा