ओवाळणीचे पाच हजार

अवसरी बुद्रुक,
दिवाळी २००४

कुंडलिकदादा,

दर भाऊबीजेला तू ताटात एकावन्न रुपये टाकायचास आणि मी लगेच बांगड्या भरायचे. यंदा पाच हजार टाकलेस, आणि मग पिंपळवंडीच्या जमिनीच्या हक्कसोडीचा कागद पुढं केलास. मी सही केली. तू नुसतं मागितलं असतंस तरी केली असती.

तू गेल्यावर हे म्हणाले, "ही ओवाळणी न्हाई. जमिनीचं मोल हाय."

तेव्हापासून नोटा डब्यात तशाच पडल्यात. हात लावायला लई भीती वाटते. परत पाठवाव्यात तर तुला राग येईल. पुढच्या दिवाळीला तू आलाच नाहीस, तर मी कुणाला ओवाळू?

म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही.

तुझीच,
शेवंता