परदेशातलं विरजण

मुरूम, गुरुवार, दिवेलागण

लेकीचा, सुमीचा, फोन आला. परदेशात ती कॉम्प्युटरला शिकवते: कुठल्या देशातली माणसं किती सुखानं जगतात, ते ताडून बघायला. दवाखाने, शाळा, पगार, हवा, सगळं त्यात घालते. ती राहते तो देश यादीत वर आला, आपला बराच खाली. आला असंल. पण त्या वरच्या देशात सुमी एकटी, हेच मनाला लागून राहिलेलं. बरी आहेस का विचारलं की नुसतं "हो अप्पा". म्हणून आज वेगळं विचारलं.

"दह्याला विरजण कुठनं आणतीस?"

"बर्फानं दुकानं बंद होती. शेजारच्या आजीनं वाटीभर दही दिलं."

"वाटी रिकामी न्हाय ना परत केलीस?"

"न्हाय हो अप्पा. शेंगाची चटणी घालून दिली. आता आजीच ती वाटी घेऊन दारात येती. म्हणती, तिखट लई आहे, अजून दे."

"हे घातलंस का तुझ्या कॉम्प्युटरात?"

हसली. किती दिवसांनी असं खळखळून.

विरजण मिळालं पोरीला. मीही आत्ता दुधाला लावलं, माझ्या चौथीतली कविता गुणगुणत. पोरीच्या काळजीत मधलं कडवं महिनाभर आठवत नव्हतं. आज आपसूक आलं.