ईदेची गळाभेट

शफीकभाई, सलाम.

तुमच्या सोनोग्राफीत लिव्हर खराब निघालं, तवा मले वाटलं तुमी चोरून पिऊन राहिले. बोंडअळीनं तुमची पऱ्हाटी, सारी कपाशी, खाल्ली होती ना, त्या दुःखात! म्हणून माह्या पोरीच्या, तहरीमच्या निकाहात, तुमी माहे थोरले भाऊ, तिचे बडे अब्बा असून, तिची कबुली आणायचा वकिलाचा मान मी दुसऱ्यालेच देल्ला.

काल तहरीमनं मोबाईलवर एक संशोधन वाचून दाखवलं. फार्मसी शिकते ना ती. तुमच्याच बिमारीवर, लिव्हरात चरबी साचते त्याच्यावर, कारखान्यात बनवलेलं फॅटी ॲसिड लोकाइले देऊन पाह्यलं म्हणे. "ह्यात दारूवाले घेतलेच नव्हते, अब्बा. न पिणाऱ्यालेबी होते ही बिमारी."

मले मान वर करवली नाही. म्हटलं, तेच औषध तुमाले धाडून मोकळं व्हावं. तर ती म्हणाली, लिव्हरमधली चरबी थोडी उतरली, पण लिव्हर सुधरते याचा पुरावा अजून पक्का नाही. म्हणजे ती वाटबी गेली.

ईदेले गळाभेट घेताना मी तुमचं तोंड हुंगून पाह्यलं होतं, भाईजान. तुमी म्हणाले, "नईम, आज लय घट्ट धरलं रे."

हे पत्र मी धाडत नाही. तुमच्यापाशी ते घट्ट धरणंच राहू द्या.

तुमचा,
नईम, अकोला