फूल पडू द्यायचं नाही

१० मार्च १९६३, रविवार
ही डायरी घरधन्याले बियाण्याच्या दुकानातून भेटली. कोरीच पडून होती. आजपासून मी लिहीन. चौथी पास आहे, लिहिता येते. कोणाले दाखवायची नाही.
ब्लॉकच्या ऑफिसातून आमच्या अमडापूरच्या महिला मंडळाले बॅडमिंटनचा सेट आला. चार बॅटी, एक जाळी, डबाभर फुलं. फूल म्हणजे बुचाले पिसं खोचलेली असतात ते. कौशल्याबाई ग्रामसेविका म्हणे, मे महिन्याच्या एक तारखेले बुलडाण्याले बायाइचे सामने आहेत, एकीसमोर एक, गावागणिक दोघी पाठवा.
मंडळातली पुष्पाबाई हासली. म्हणे, मनकर्णाबाई, आता ह्या वयात फुलं झेलता काय.
मी मंडळाची अध्यक्ष. म्या सगळ्याइसमोर सांगून टाकलं, पहिली फेरी नाही जिंकली तर खुर्ची तुमची. पुष्पाबाईनं लगेच ते प्रोसिडिंग बुकात लिहून घेतलं. म्या खाली सही केली. मोठी.
वय पंचेचाळीस. बावन दिवस हातात. पुष्कळ झाले.

१२ मार्च, सकाळी ८
मागच्या खळ्यात जाळी बांधली. चुन्याच्या फक्कीनं रेघा मारल्या. माझ्यासंगं खेळायले सून शालू. देऊळघाटची आहे, सातवी शिकली, शाळेत खेळायची म्हणे थोडंबहुत. बोलत नाही जास्त.
माझ्या बॅटीले फूल लागलंच नाही. बॅट खराब आहे. बदलून घेतली. दुसरीही खराब निघाली.

१५ मार्च
कौशल्याबाई पाहून गेली. म्हणे, कोपर नाही, मनगट वापरा. नजर फुलावर ठेवा. मारलं की मधात परत या. म्या म्हटलं, हे मले माहीत होतं.
ठराव: रोज एक तास. एप्रिल संपायच्या आत न पडता शंभर फटके. चिडायचं नाही.
आज न पडता चार. वारा होता. शालू म्हणे, नव्हता. मी तिच्यावर चिडली.

२१ मार्च
अकरा.
शालूचा खेळ कच्चा आहे. माझ्यासमोर डोक्यावरचा पदर सरकू नये म्हणून एका हातानं पदर धरते अन् एका हातानं बॅट. जोर कसा येईन. फूल आपलं हळूच येते, नेमकं माझ्या उजव्या हाताच्या पुढं. म्या म्हटलं, वं शालू, जरा इकडं तिकडं मारत जाय, मले सराव कसा होईन. तिनं मान हालवली. दुसरं फूल त्याच जागी. तिले तेवढा एकच फटका येते. काय करावं.

२ एप्रिल
सदतीस. मनगट बसलं.
घरधनी बैलाइले पाणी दाखवून खळ्याशी उभे राह्यले. बरंच पाह्यलं. म्हणे, फूल तर तुझ्या बॅटीवर चिमणीसारखं येऊन बसते. आजवर ह्या माणसानं माझ्या कोण्या कामाले चांगलं म्हटलं नाही. आज म्हटलं.

९ एप्रिल
कौशल्याबाईनं हट्ट धरला, एक डाव पुष्पाबाईसंगं खेळा. खेळली. न पडता तीन, तेही एकदाच.
याचं कारण लिहून ठेवते, नाही तर मागून विसरीन. पुष्पाबाईले टेक्निक नाही. कुठंही मारते. एक जाळीच्या बुडाशी, एक डोक्यावरून मागं. फूल माणसाच्या हातात नीट द्यायले अक्कल लागते. असं रानटी कोणीही मारीन.
पुष्पाबाई म्हणे, घरी सुनेसंगं खेळता ना, तिथंच खेळत जा. म्या म्हटलं, जळू नका.
पुन्हा तिच्यासंगं खेळायचं नाही. हात बिघडते.

१४ एप्रिल, रविवार
मंडळाची बैठक. बुलडाण्याले दुसरी बाई कोण, हा प्रश्न. पुष्पाबाईनं स्वतःचं नाव दिलं. म्या म्हटलं, दुसरी शालू. का म्हणून, तिनं विचारलं. म्या म्हटलं, मी अध्यक्ष म्हणून. शेवटी तिनंच बुकात शालूचं नाव लिहिलं.
शालू घरी येऊन म्हणे, आत्याबाई, माझं नाव काऊन दिलं, पुष्पाबाईले जाऊ द्या ना. तिले समजावलं. तुले काही खेळायचं नाही फारसं, माझा पाण्याचा तांब्या सांभाळ, खेळाआधी माझा हात मोकळा करून दे. तुह्या भरवशावर कोणी नाही, भिऊ नको.
आज चौसष्ट.

२६ एप्रिल
एक्याण्णव. पाय दुखते पण सांगत नाही कोणाले.
शालू चुलीपाशी पीठ मळता मळता म्हणे, आत्याबाई, बुलडाण्याच्या बाया जोरात मारतीन. उद्यापासून मी जरा जोरात टाकू का, लांब लांब. म्या म्हटलं, आता नको. चार दिवस राह्यले, बसलेला हात उठवतं का. ती म्हणे, खुर्चीचं आहे म्हणून म्हटलं. म्या म्हटलं, खुर्चीचं मी पाहीन, तू भाकरी पाह्य.
पोरीले माझ्याहून जास्त भेव वाटून राह्यलं.

३० एप्रिल
एकशे चार. ठराव पुरा. तीनपैकी दोन तरी पुरे. खळ्यात बसून गूळ-शेंगदाणे खाल्ले, शालूलेही दिले. तिचे हात थंड होते.

१ मे, बुधवार, पहाटे ५
चिखलीची एसटी पकडायची. हिरवं नऊवारी, कासोटा आवळून. पुष्पाबाई पण येऊन राह्यली, पाहायले. येऊ दे.

१ मे, सकाळी १०, बुलडाणा
चौदा गावच्या बाया. मैदान भरलं. चिठ्ठ्या काढल्या. पहिली फेरी, अमडापूर मनकर्णाबाई. समोर कोण, तर अमडापूर शालूबाई.
म्या म्हटलं, हे कसं. टेबलावरची बाई म्हणे, चिठ्ठी आहे, चिठ्ठी गाव पाहत नाही.
पुष्पाबाईचं तोंड उतरलं. माझी फेरी जिंकल्यातच जमा. शालू मात्र पांढरी पडली. म्या म्हटलं, वेडी, आपल्या घरचंच तर आहे.

२ मे
जे झालं ते लिहिते. कोणाले दाखवायची नाही म्हणून लिहिते.
सुरुवात चांगली. शालूचा पदर डोक्यावर, एक हात पदराले. माझे चार पॉइंट झाले, तिचा शून्य. फूल येऊन राह्यलं, मी मारून राह्यली, माझ्या बाजूले पडतच नाही. वाटलं सगळं मैदान माझं टेक्निक पाहून राह्यलं. मंग बाया हासायले लागल्या. मागून एकीनं टोला मारला, अहो, सामना आहे का भुलाबाईचा फेर आहे.
पंच म्हणजे शाळेतल्या शंकरराव मास्तराइनं शिट्टी मारली. शालूले म्हणे, बाई, तुम्ही मुद्दाम त्यांच्या बॅटीवर फूल ठेवता. खेळायचं असंन तर खेळा, नाही तर दोघींची नावं काटतो.
मले संताप आला. माझ्या बावन दिवसाइची मेहनत, अन् हा म्हणते मुद्दाम. शालू खाली पाहून उभी. नाही म्हणंना. मी वाट पाहत होती, ती नाही म्हणंन. पुष्पाबाई रेघेपाशी येऊन उभी राह्यली. म्या सगळ्या मैदानाले ऐकू जाईन असं म्हटलं, शालू, पदर कमरेले खोच. अन् खेळ. माझी लाज नको धरू.
ती जाळीपाशी आली. हळूच म्हणे, आत्याबाई, खरंच खेळू का. खुर्ची जाईन.
म्या म्हटलं, हाव. मोठी आली खुर्ची घेणारी.
तिनं पदर डोक्यावरून काढला. खोचला. दोन वर्षं झाली लग्नाले, तिचं डोकं म्या उघडं पाह्यलं नव्हतं. केस गच्च बांधलेले. कपाळावर जुनी खोक आहे, ते पण आताच दिसलं.
मंग फूल कुठून येते तेच समजंना. एक पायाशी. एक मागं. मी मागं पळाली तर पुढं. पुढं आली तर डोक्यावरून. नजर फुलावर ठेवायची असते, पण फूल दिसलं तर ना. पहिला गेम अकरा-चार. दुसरा अकरा-शून्य. त्या शून्यात ऊन डोळ्यावर होतं हे खरं आहे. दोन्ही बाजूनं होतं.
खेळ संपला तसा तिनं पहिले पदर डोक्यावर घेतला, मंग जाळीखालून येऊन माझ्या पाया पडली. लोकाइनं टाळ्या वाजवल्या. कोणासाठी वाजवल्या मले माहीत नाही.
पुढं ती तीन फेऱ्या जिंकली. शेवटी बुलडाण्याच्या एका मास्तरणीनं हरवलं. दुसरा नंबर. पितळेचा तांब्या भेटला. एसटीत तिनं तो माझ्या मांडीवर ठेवला.

५ मे, रविवार
बैठक. पुष्पाबाईनं प्रोसिडिंग बुक उघडलं, माझी सही दाखवली. मी उठली. खुर्चीची एक पाटी ढिली आहे, ते तिले सांगतलं नाही.
बाया शालूचं कौतुक करून राह्यल्या. म्या म्हटलं, शिकवलं कोणी तिले, बावन दिवस. कौशल्याबाईनं मान वळवली.
घरधनी तांब्यातून पाणी प्याले. म्हणे, चिमणी उडाली का. मी जेवण वाढून बाजूले झाली.

७ मे, सकाळी ७
आज खळ्यात कोणी नाही. जाळी तशीच बांधलेली होती, अर्धी लोंबलेली. नीट केली. शालूले हाक मारली.
ती बॅट घेऊन आली. रेघेवर उभी राह्यली. फूल हातातच. मंग म्हणे, आत्याबाई, पदर डोक्यावर राहू देऊ, का खोचू.
म्या बॅट ह्या हातातून त्या हातात घेतली. वारा नव्हता.
म्हटलं, राहू दे डोक्यावर.
एकशे बारा झाले. न पडता.