पांगाऱ्याचा मासा

१९ एप्रिल १९३२, दहिवली

गळाचा लाकडी मासा पुन्हा उताणा! पोट वर, मेल्यासारखा. पांगाऱ्याचं लाकूड फारच हलकं. पोटात शिसं कमी पडतंय. घंगाळात सोडला, ओढला — गर्रकन फिरला आणि उलटा. संपादक माझ्या कथांना म्हणतात, "डोकं आहे, पाय नाहीत." हाही माझाच म्हणायचा!

जयाने आजही पेज परत पाठवली. बाळ गेल्यापासून तिने अंथरूण धरलंय, अन्न सोडलंय. वैद्यबुवा बघतात नि मान हलवतात. परवा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मरळीचं कालवण असतं तर दोन घास गेले असते."

तेवढं एकच वाक्य. त्यालाच लटकलोय.

२० एप्रिल

नदी आटलीय. मरळ उरली असेल ती आसरांच्या — पाण्यातल्या देवींच्या — डोहात. शुक्रा कातकरी परवा तिथे घेऊन गेला, पण काठावरच थांबला. तिथे जाळं टाकत नाहीत. गळाला गांडूळसुद्धा लावत नाहीत. "पान्यात जीव घालाचा नाय, भाऊ. आसरा बदल्यात जीव नेत्यात."

"लाकडाचा मासा घातला तर?"

तो खो खो हसला. "लाकडाला मानूस भुलंल, मासा नाय!" मग डोकं खाजवत — "पन लाकडाला कुनी नको नाय म्हनलेलं."

बी. ए. झालोय, आसरा मानत नाही. तरी गांडूळ लावायला हात धजला नाही. घरातून एक जीव गेलाय.

२२ एप्रिल

शिसं वाढवलं. दगडासारखा बुडाला!

स्वयंपाकाच्या चंद्राबाई दारातून — "भाऊसाहेब, बायको आत वाळत चाललेय नि तुमी भायेर बावल्या कोरताय!"

कानस चालूच ठेवली.

२४ एप्रिल

बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून तोंडाखाली जीभ बसवली. आता पोहतो — पण डावीकडे पळतो. नाकातली तारेची कडी केसभर उजवीकडे वाकवली. आता उजवीकडे पळतो! परत थोडी डावीकडे. परत.

जयाने आतून हाक मारली. "बसा ना जरा माझ्यापाशी."

"आलोच," म्हटलं. कडी चिमट्यात होती. गेलो तेव्हा तिने डोळे मिटलेले.

२५ एप्रिल

लाकूड पाणी प्यायलं. फुगून चिरलं. आधी राळ चढवायला हवी होती. गाढव! नवा तुकडा, सगळं पहिल्यापासून.

२८ एप्रिल

राळ चढवली. काजळाने पाठ काळी केली. सरळ पोहतोय, अंग हलवत! पण दिवसभर डोहावर — काही नाही. एक मरळ मागून आली, बघितलं, वळली. मी ओरडलो तिच्यावर. माशावर ओरडलो!

जयाची बांगडी कोपरापर्यंत सरकते आता. तिने पुन्हा विचारलं, "आज बसाल?" म्हटलं, मासा मिळू दे, मग तुझ्यापासून हलणार नाही.

कोणाला विनवू? आसरांना? एक मासा द्या. एकच.

३० एप्रिल

घेतला! काठी वाकली, दोरीने बोट कापलं. "ढील दे रं! ढील दे!" शुक्रा माझ्यापेक्षा जास्त नाचत होता. हातभर मरळ! "आयला, लाकूड खाल्लं हिनं!"

दहिवलीपर्यंत पळत आलो. चंद्राबाईंनी आमसुलं घालून कालवण केलं. जयाने भात कालवला. खाल्ला. पुन्हा मागून घेतला. मी माजघराच्या दारात उभा राहून रडलो.

जगेल ती!

३ मे

जया उठली. आपली आपण वेणी घातली. दारात गाडीवान हिरामणची बैलगाडी — चंद्राबाईंकरवी तिनेच बोलावलेली.

"आईकडे जाते."

"किती दिवस?"

"दिवस मोजू नका. कधीचं जायचं होतं. उठवत नव्हतं, म्हणून राहिले."