लिंबांचं पांघरूण

६ जानेवारी
दमले! शाळेतून येते तर गुलसुमवन्सं दारातच — "आलीस मास्तरीणबाई? चरात उतरून बघ, माझ्या भावाची झाडं तहानली असतील." भाऊ त्यांचा, झाडं भावाची, पाणी घालायला मात्र मी!

येत्या रविवारी सैफुल्लोला जाऊन वर्ष होईल. वर्षाच्या जेवणाला दस्तरखानावर त्याच्याच झाडांची लिंबं मांडायची, एवढं एकच मनात आहे. मिझगोना दुशान्ब्याहून रोज फोन करते — "आई, आत्याची बोलणी किती दिवस खाणार? इकडे ये." जाईन गं. पण झाडं आहेत तोवर पाय निघत नाही. माझ्यामागे त्यांच्याकडे बघणार कोण? वन्संचे गुडघे चार पायऱ्या उतरू देत नाहीत.

७ जानेवारी
चरात काम. पुरुषभर खोल चर, वर प्लास्टिकचा कागद, खाली लिंबं. आमच्या वख्शच्या खोऱ्यात लिंबू असंच जगतं — हिवाळाभर अर्धं जमिनीत लपून. कोपऱ्यातली शेगडी गंजलीय. तीन हिवाळे ती पेटवायची वेळच आली नाही.

"थंडी आता म्हातारी झाली, दात पडले तिचे," वन्सं म्हणतात. सगळं गाव तेच म्हणतं.

९ जानेवारी
नववीला आज हवेचं पांघरूण शिकवलं. घसा बसलाय.

ऊन हवेतून सरळ खाली येतं, जमीन तापते. तापलेली जमीन डोळ्यांना न दिसणारी उष्णता वर पाठवते. ती मात्र सहज सुटत नाही — हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड ती गिळतात, आणि त्यातली बरीचशी परत खाली धाडतात. हे पांघरूण नसतं तर पृथ्वी गोठून गेली असती. पांघरूण वाईट नाही, गोधडीवर गोधडी टाकत जाणं वाईट. कोळसा, तेल, गॅस जाळून आपण तेच चालवलंय. आपला चर उबदार राहतो तो मुख्यतः गरम हवा कोंडल्यामुळे, तेव्हा हवेला चराची उपमा अर्धीच खरी, हेही सांगितलं.

शहनोझा म्हणाली, "बाई, घुसमटलं की चराचं दार उघडतो, तसं उघडायचं!"

"पृथ्वीला दार नाही गं."

वर्ग खिदळला. मला हसायचंही त्राण नव्हतं.

११ जानेवारी
आमच्याकडे पाहुणे यायचे म्हटलं की दगडसुद्धा धुवून काढतात. अंगण झालं, भिंती झाल्या, मग वन्संची नजर चराकडे गेली. "उद्या सगळे झाडं बघायला उतरणार. कागदाला बघ केवढा घाम सुटलाय! पलीकडचं काही दिसत नाही. लोक म्हणतील, सैफुल्लो गेला आणि बायकांनी चराचं न्हाणीघर केलं."

शिडीवर चढून कागदाची आतली बाजू फडक्याने पुसून काढली. थेंब न् थेंब. वन्सं वरून बोट दाखवत होत्या — "तिकडे राहिलं, त्या कोपऱ्यात!" मलाही वाटलं, बरंच झालं, झाडांना ऊन जास्त मिळेल. कागद आरशासारखा झाला. हात खांद्यातून निखळलेत.

१२ जानेवारी
जेवण पार पडलं. पलाव पुरला, मुल्लाने दुआ म्हटली. लिंबं ताटांत मांडली तेव्हा वन्संनी एक उचलून हुंगलं आणि तोंड फिरवलं. दिवसभर माणसं चरात वर-खाली करत होती, दार उघडंच. आभाळ स्वच्छ, ढगाचं नाव नाही. आता पाठ टेकते.

१३ जानेवारी
बादलीतलं पाणी दगड झालं होतं.

पानं उकडल्यासारखी काळी, लोंबती. लिंबं मऊ. सगळी झाडं. सगळी!

१४ जानेवारी
शाळेत गेले नाही. डोकं एकाच गोष्टीभोवती फिरतंय. काच उष्णता अडवते. हा पातळ कागद अडवत नाही, त्याच्यातून ती सरळ निघून जाते. अडवतो तो कागदावरचा घाम — पाणीच ना ते! तेच मी फडक्याने पुसलं. ऊब दारातून गेली, उरलीसुरली उघड्या आभाळात. वर ढग असते तरी थोडी परत आली असती. आणि शेगडी गंजलेली, कारण थंडीला म्हणे दात नाहीत. पांघरूण वाढतंय म्हणून काय थंडीची लाट यायची थांबते? गुरुवारी वर्गात "वाफ उष्णता गिळते" म्हणून घसा कोरडा केला. शनिवारी शिडीवर चढले.

वन्सं चुलीपाशी बसून होत्या. "मीच म्हटलं पूस म्हणून," एवढंच म्हणाल्या. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

२ फेब्रुवारी
साली तडकल्या. झाडं बुंध्यापाशी कापली. करवत चालवताना रडले, आणि मग — लिहूनच टाकते — हलकं वाटलं. आता जाता येईल. लाज वाटली, पण वाटलं ते वाटलं.

३ फेब्रुवारी
मिझगोनाला कळवलं. नवरोज झाला की येते.

१० मार्च
शाळेत राजीनामा दिला. वन्सं माझ्या मागेच लागल्यात. "कधी जाणार? जा बाई, माझी ब्याद टळू दे! ऐंशीच्या घरातली बाई मी, एकटी सुखाने मरेन." मी म्हटलं, चर एकदा झाडून घेते. तर अंगावरच आल्या — "खाली पाऊल टाकू नकोस! पायऱ्या खचल्यात, जाताजाता तंगडी मोडून माझ्या गळ्यात पडशील."

इतकी नकोशी झाले? बरं.

२२ मार्च
बॅग भरली. उद्या सकाळी जावई गाडी घेऊन येतोय. वन्संनी वाटेसाठी नान भाजल्या, तीळ लावून. तेवढ्यातही "तुझ्या लेकीला कसल्या येतात भाजता!" आहेच. गुडघ्यांना ओला चिखल लागला होता त्यांच्या. विचारलं तर म्हणाल्या, अंगणात पडले.

२३ मार्च
निरोप घ्यायला चरात उतरले. पायऱ्या धडधाकट आहेत. दारामागच्या बुंध्याशी वन्संची मुरंब्याची बरणी उपडी घातलेली. आत बोटभर हिरवा कोंब. मी जावं म्हणून लपवला त्यांनी. त्या गुडघ्यांनी उतरत होत्या, रोज!

वरून हाक आली — "गाडी आली! निघ ना एकदाची!"

बरणीला आतून घाम सुटलाय. पुसला नाही. वर जाऊन जावयाला चहा देते, आणि बॅग रिकामी करते.